दूध तर फ्रीजमध्येच होतं की!



वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या वस्त्यांमधून खिरीची तयारी सुरू होते. कोणी दूध देतो, कोणी तांदूळ, कोणी साखर. ज्याला काहीच देणे जमत नाही तो चुलीपुढे उभा राहून श्रमदान करतो. उरुवेला येथे सुजातेने सिद्धार्थ गौतमाला दिलेल्या खिरीची ती आठवण असते. पण आज मी खिरीविषयी कमी आणि खिरीच्या आधीच्या दुधाविषयी जास्त लिहिणार आहे. घरात आणलेले दूध फ्रीजमध्ये कसे ठेवावे, हा आजचा विषय. काही भगिनी म्हणतील, यात लिहिण्यासारखे काय आहे? दूध तापवायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे, झाले. मीही असेच म्हणत होतो. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत जो प्रसंग घडला, त्यानंतर माझे मत बदलले.

सात रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना पहाटेचे चित्र ठाऊक आहे. अजून उजाडलेले नसते, टेम्पोतून दुधाचे क्रेट खाली उतरतात आणि दुकान उघडण्याआधीच दारापुढे एकावर एक रचून ठेवलेले असतात. त्याच दुकानातून आमच्या शेजारच्या घरी रोज एक लिटर दूध येते. घरधनी रिक्षा चालवतो. त्याची पत्नी युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात शिलाईला जाते. घरात सासूबाई आणि तीन वर्षांचा मुलगा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास त्यांनी हप्त्यावर फ्रीज घेतला, तेव्हा सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसातला त्या माउलीने दूध तापवले आणि पातेले ओट्यावर ठेवून ती कामाला गेली. गरम भांडे फ्रीजमध्ये ठेवले की फ्रीज बिघडतो, असे तिला कोणीतरी सांगितले होते. सासूबाईंनी ते पातेले साडेबाराला फ्रीजमध्ये ठेवले. दोनला लाईट गेली, ती साडेचारला आली. पाच वाजता मुलाने पेलाभर थंड दूध घेतले. दूध फाटले नव्हते, वास नव्हता, चवही बिघडलेली नव्हती. रात्री नऊला मुलाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, चुलीत टाकून झाल्या. असे तीन तास गेले. बारा वाजता माझे दार वाजले. पोराचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. त्याच्याच बापाच्या रिक्षातून आम्ही त्याला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी सलाईन लावले आणि विचारले, "संध्याकाळी काय दिलं होतं? दूध? कधीचं होतं?" ती रडत म्हणाली, "दूध तर फ्रीजमध्येच होतं की वो, डॉक्टर!"

दूधच कारण होते असे डॉक्टरांनी छातीठोक सांगितले नाही, कारण तपासायला दूध उरलेच नव्हते. पण सगळी हकीकत ऐकल्यावर ते एवढेच म्हणाले, "ताई, फ्रीजमध्ये होतं ते खरं. पण फ्रीजमध्ये जायच्या आधी पाच तास ते कुठं होतं?"

मूल तिसऱ्या दिवशी हसत घरी आले. पण आईचे तीन दिवसांचे खाडे झाले, बापाचा धंदा बुडाला, औषधांना पैसे लागले आणि फ्रीजचा त्या महिन्याचा हप्ता थकला. वर घरात सगळा दोष सुनेच्या माथी आला तो वेगळाच. म्हणून हा विषय.

दूध आपल्या घरात कसे आले

त्या घरातल्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. आयुष्यभर त्यांनी विड्या वळल्या. पोरगा बरा झाल्यावर एकदा त्या म्हणाल्या, "आमच्या वेळेला दूध कुठलं रे बाबा! कोरा चहा आणि शिळी भाकरी. दूध नासतंय म्हणजे काय, ते आम्हाला ठावंच नव्हतं."

त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्या ताटात दूध-तूप असणे हाच एके काळी गुन्हा होता. बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने होऊ न दिलेले भाषण १९३६ साली त्यांनी स्वतःच छापले. त्यात जयपूर संस्थानातील चकवारा या गावचा प्रसंग आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने आपल्या बांधवांना जेवण दिले आणि पदार्थांत तूप वापरले. एवढ्या कारणावरून गावातले सवर्ण लाठ्या घेऊन आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारझोड केली. तूप खाणे ही आपली बरोबरी करणे आहे, हा त्यांचा राग होता.

आज आपण दुकानात ताठ मानेने उभे राहून दुधाची पिशवी घेतो, स्वतःच्या कमाईचा फ्रीज घरात आणतो. हे फुकट मिळालेले नाही. म्हणून ते दूध अज्ञानापायी नासू देणे, किंवा त्याच दुधाने आपले लेकरू आजारी पडू देणे, आपल्याला परवडणारे नाही. हिशेबाने पाहिले तरी तेच. अर्ध्या लिटरची पिशवी सोपेपणासाठी तीस रुपयांची धरा. आठवड्याला अशी एक पिशवी नासली, तर वर्षाला १,५६० रुपये मोरीत जातात. एवढ्या पैशांत एका मुलाची वह्या-पुस्तके येतात.

जंतूंचे चक्रवाढ व्याज

मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि पेशाने कारकून. विज्ञानातले मला जे समजले ते मी हिशेबाच्या भाषेत सांगतो.

दुधात जंतू असतात. जनावराच्या सडापासून, भांड्यापासून, हातापासून, हवेतून ते येतात. दूध हे जसे आपल्या लेकरांचे अन्न, तसे ते जंतूंचेही अन्न. मनासारखी ऊब मिळाली तर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे एक जंतू धरला तर तासाभराने आठ, दोन तासांनी ६४, तीन तासांनी ५१२, चार तासांनी ४,०९६ आणि पाच तासांनी ३२,७६८. आपल्या आज्या-पणज्यांनी सावकाराचे चक्रवाढ व्याज भोगले आहे. हे व्याज त्याहून जहरी, कारण इथे वीस मिनिटाला शेकडा शंभर दर आहे. आणि दुधात एकच जंतू कधीच नसतो, मुद्दल मुळातच मोठे असते.

आता सोलापूरचा उन्हाळा पाहा. बाहेर ४२-४३ अंश. पत्र्याच्या घरात दुपारी अंगाची लाही होते. जंतूंना मात्र अंगाच्या उबेएवढी, म्हणजे ३७ अंशांच्या आसपासची हवा फार मानवते. आपला ओटा म्हणजे त्यांचे पाळणाघरच. त्या मुलाचे दूध पाच तास अशा ओट्यावर होते.

मग उकळल्याने काय होते? उकळणे म्हणजे मुद्दल फेडणे. उकळल्यावर रोग पसरवणारे बहुतेक जंतू मरतात. पण काहींची कवचबंद बीजे उकळीतूनही वाचतात. शिवाय थंड झालेल्या दुधात बोट बुडवले किंवा न धुतलेली पळी घातली की नवे कर्ज सुरू होते.

आणि फ्रीज काय करतो? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फ्रीज जंतूंना मारत नाही. तो फक्त व्याजाचा दर उतरवतो. चार-पाच अंशांवर बहुतेक जंतूंची वाढ अगदी मंदावते किंवा थांबते, पण काही जंतू त्या थंडीतही हळूहळू वाढत राहतात. साडेबाराला फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधावर सकाळपासून जे व्याज चढले होते, ते फ्रीजने माफ केले नाही. दुपारी लाईट गेल्यावर उरलेसुरले थंडपणही कमी झाले.

कोणी म्हणेल, मग संध्याकाळी पुन्हा खळखळून उकळले असते तर? जंतू मेले असते, हे खरे. पण काही जंतू वाढताना दुधात विष सोडतात, आणि त्यातले काही विष उकळूनही जात नाही. म्हणजे सावकार मेला तरी त्याने अंगठा घेऊन ठेवलेला कागद तसाच राहतो. म्हणून बराच वेळ उबेत राहिलेले दूध पुन्हा उकळून लहान मुलाला देणे हा उपाय नव्हे.

सात रस्त्याचे सात नियम

डॉक्टरांशी बोलून आणि घरात स्वतः करून पाहून मी हे नियम लिहून काढले. मोजले तर सात निघाले, तेव्हा सात रस्त्यावरच्या माणसाला ते लक्षात ठेवायला सोपे. कागदावर उतरवून फ्रीजच्या दाराला चिकटवा.

पहिला नियम : दूध सर्वांत शेवटी घ्या. भाजी, किराणा, गप्पा हे सगळे आधी, दूध मागाहून. पिशवी थंड आहे का ते हाताने पाहा. फुगलेली, गळकी किंवा कोमट पिशवी घेऊ नका. पिशवीवर कोणत्या तारखेपर्यंत वापरावे आणि किती थंड ठेवावे ते छापलेले असते. ती तारीख दूध सतत थंड राहिले तरच खरी. घरी आल्यावर पिशवी बाहेरून पाण्याने धुवा. ती क्रेटमधून, जमिनीवरून, दहा हातांतून आलेली असते. धुतल्यावर लगेच तापवा, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

दुसरा नियम : सुटे दूध उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नका. गवळ्याच्या रतिबाचे दूध कितीही घट्ट आणि ताजे असले तरी ते कच्चे असते. कच्च्या दुधातून क्षय, विषमज्वर यांसारखे रोग येऊ शकतात. पिशवीचे दूध डेअरीत पाश्चराईज केलेले असते, म्हणजे साधारण ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून एकदम थंड केलेले. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव त्या क्रियेला मिळाले आहे. पण डेअरीपासून आपल्या दारापर्यंत ती पिशवी किती वेळ उन्हात होती, हे आपल्याला कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात तेही एकदा उकळून घेतलेले बरे. ढवळत राहावे, उकळी वर आली की आच कमी करून दोन-तीन मिनिटे ठेवावे. दिवसातून चार-चार वेळा उकळून दूध आटवण्यात मात्र अर्थ नाही.

तिसरा नियम : तापवलेले दूध लवकर निववा. आमच्या शेजारणीची चूक इथे झाली, आणि ती आपल्यापैकी निम्म्या घरांत रोज होते. वाफाळते भांडे फ्रीजमध्ये ठेवू नये हे बरोबर. त्याने शेजारचे पदार्थ गरम होतात आणि फ्रीजवर ताण येतो. पण त्याचा अर्थ दूध दुपारपर्यंत ओट्यावर ठेवा असा नव्हे. परातीत गार पाणी घ्या आणि त्यात पातेले ठेवा. पाणी कोमट झाले की बदला. जमले तर त्यात बर्फाचे चार खडे टाका. स्वच्छ पळीने अधूनमधून ढवळा. उंच, अरुंद भांड्यापेक्षा पसरट पातेल्यात दूध लवकर निवते. अर्ध्या-पाऊण तासात ते हाताला गार लागेल. मग झाकून फ्रीजमध्ये ठेवा. तापवल्यापासून दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरात, दूध फ्रीजमध्ये गेलेच पाहिजे. कामाला जाणाऱ्या भगिनीने त्यासाठी अर्धा तास आधी उठावे, असे मी म्हणणार नाही. घरातल्या पुरुषाने परातीत पाणी ओतावे. त्याला काही परीक्षा द्यावी लागत नाही.

चौथा नियम : दूध दारात ठेवू नका. फ्रीजच्या दाराला कप्पे असतात आणि बाटली तिथे शोभून दिसते. पण दार हीच फ्रीजमधली सर्वांत उबदार जागा. दार उघडले की घरातली गरम हवा आधी तिथेच लागते. दूध आतल्या फळीवर, मागच्या बाजूला ठेवावे. दारात लोणचे, सॉस, पाण्याची बाटली राहू द्या. मांस-मासळी घरात आणली असेल तर ती झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या फळीवर ठेवावी. तिचे पाणी दुधावर ठिबकता कामा नये. पिशवी बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. गोठताना दूध फुगते, पिशवी फाटते, आणि वितळल्यावर दूध पाणचट लागते.

पाचवा नियम : जुने आधी, नवे नंतर. गोदामात आधी आलेला माल आधी बाहेर काढतात, तसेच दुधाचे. कालच्या दुधात आजचे दूध ओतू नका, नाहीतर कालचे कर्ज आजच्या माथी बसते. पेल्यात उरलेले, बाळाच्या वाटीतले उष्टे दूध परत पातेल्यात घालू नका. पातेले नेहमी झाकलेले असावे. पळी दर वेळी धुतलेली, कोरडी. पाहिजे तेवढे दूध काढून घ्या आणि पातेले लगेच परत ठेवा. चहा होईपर्यंत ते बाहेर राहिले, दिवसातून पाच वेळा असे झाले, की सगळे मिळून तास-दीड तास होतो. उकळून लवकर निववलेले दूध चांगल्या थंड फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवावे. लहान मुलांना आणि आजारी माणसांना शक्यतो त्याच दिवसाचे द्यावे.

सहावा नियम : फ्रीजचीही प्रकृती पाहा. फ्रीजच्या आत गारवा कमी-जास्त करायचे बटण असते. बहुतेक फ्रीजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त गारवा. हिवाळ्यात कमी केलेले बटण उन्हाळ्यात वाढवायला आपण विसरतो. आत चार अंशांच्या आसपास गारवा असावा. फ्रीजसाठी लहानसे थर्मामीटर मिळते. पाण्याच्या पेल्यात ते रात्रभर आत ठेवून सकाळी पाहावे. ताप मोजायचे थर्मामीटर या कामी चालत नाही, त्याचे आकडे इतके खाली जातच नाहीत. दाराचे रबर तपासायचे असेल तर दारात कागद अडकवून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा. पत्र्याच्या घरात जिथे ऊन येत नाही आणि चूल-गॅसची झळ लागत नाही, अशी जागा त्याला द्या. आत वस्तू कोंबू नका, गार हवा फिरायला वाट हवी. बर्फाच्या कप्प्यात जाड थर जमला तर फ्रीज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका.

सातवा नियम : लाईट गेली की घड्याळ पाहा. वळीव आला, वारा सुटला की आपल्याकडे लाईट जाते. तेव्हा दार उघडून आत काय काय आहे ते पाहायचा मोह आवरा. दार बंद राहिले तर फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेला आणि दूध गार लागेनासे झाले, तर ते लहान मुलाला देऊ नका. सगळे कामाला जात असतील तर एक युक्ती सांगतो. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवा आणि वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्या. बाहेरगावाहून परत आल्यावर नाणे वाटीच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळून पुन्हा गोठला, हे समजते. फ्रीज खोटे बोलला तरी नाणे बोलत नाही.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही

आपल्या वस्त्यांत फ्रीज नसलेली घरे अजून आहेत आणि त्यात कमीपणा नाही. त्यांनी दूध एकदम न आणता सकाळी अर्धा लिटर, संध्याकाळी अर्धा लिटर असे आणावे. तापवून परातीतल्या पाण्यात निववावे. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे झाकलेले पातेले ठेवावे, वरून ओले सुती फडके असे टाकावे की त्याची टोके पाण्यात बुडतील, आणि ते वाऱ्याच्या जागी ठेवावे. फडक्यातले पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय इथे चांगला लागू पडतो. पण हा गारवा माठाएवढाच, फ्रीजएवढा नव्हे. त्यावर भिस्त ठेवून सकाळचे दूध रात्री बाळाला देऊ नये. उरणारे दूध वेळीच विरजावे. दह्याच्या आंबटपणात पुष्कळशा जंतूंची वाढ खुंटते, आणि उन्हाळ्यात ताक सगळ्यांना चालते.

तान्ह्या बाळांच्या मातांना एक वेगळे सांगणे आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध हा मुख्य आहार करू नये. ज्या भगिनींना कामावर जावेच लागते त्यांनी आपले दूध स्वच्छ हाताने, उकळून घेतलेल्या झाकणाच्या वाटीत काढून फ्रीजच्या आतल्या फळीवर ठेवावे आणि ते २४ तासांत वापरावे. देताना ती वाटी कोमट पाण्यात ठेवून दूध उबदार करावे, गॅसवर उकळू नये. वाटी-चमच्याने पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे.

विहारातली खीर

आता वैशाख पौर्णिमेकडे वळू. घरच्या पातेल्याला जे लागू, तेच विहारातल्या मोठ्या पातेल्याला दसपट लागू. मोठ्या पातेल्यातली खीर वरून गार लागते, पण पोटात तासन् तास कोमट राहते, आणि कोमट खीर म्हणजे जंतूंची मेजवानी. म्हणून मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की खीर आदल्या रात्री करून ठेवू नका. वाटपाची वेळ ठरवून त्याच्या दोन तास आधी चूल पेटवा. चुलीवरची गरमागरम खीरच वाढा, मंद आच चालू राहू द्या. दूध आदल्या दिवशी आणले असेल तर ते पाच-सहा घरांच्या फ्रीजमध्ये थोडे थोडे वाटून ठेवा. एकाच फ्रीजमध्ये वीस पिशव्या कोंबू नका. वाढणाऱ्यांनी हात साबणाने धुवावेत. उरलेली खीर दुसऱ्या दिवशी वाटण्याचा पुण्यवान विचार करू नका. सुजातेच्या खिरीने उपवासाने खंगलेल्या सिद्धार्थाच्या अंगात बळ आले होते. आपल्या खिरीने कोणाच्या लेकराचे बळ जाऊ नये.

आणि तरीही त्रास झालाच तर

उलटी-जुलाब सुरू झाले की पहिली गोष्ट मीठ-पाणी-साखर. ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट घोट, पुन्हा पुन्हा द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून परत सुरू करावे. आईचे दूध बंद करू नये. ओआरएसच्या पुड्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळतात. त्यातल्या दोन घरात कायम असाव्यात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, विष्ठेत रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठावा.

आणि दृष्ट काढण्यात वेळ घालवू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या जुने ओझे खाली ठेवण्यासाठी. मावशींना मी हेच सांगितले. म्हणालो, "मावशी, पोराला नजर लागली नव्हती, जंतू लागले होते. मिरच्यांच्या धुराने ते मरत नाहीत." त्या थोड्या रागावल्या. पण परवा त्यांच्या घरी गेलो तर ओट्यावर परात होती, परातीत पाणी, पाण्यात पातेले, आणि मावशी पळीने दूध ढवळत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बघतोस काय? तुझंच व्याज फेडतेय!" सूनबाई कामावर गेली होती. तिला कोणी बोल लावत नव्हते, हे मला जास्त बरे वाटले.

धम्मपदाच्या बालवग्गात तथागतांनी ताज्या दुधाचा दाखला दिला आहे. केलेल्या चुकीचे फळ लगेच नजरेला येत नाही, हे समजावताना त्यांना दूधच आठवले. आपल्याही पातेल्यात तसेच असते. दूध फाटलेले दिसत नाही, वास येत नाही, म्हणून ते चांगलेच असेल असे समजू नये. ते कधी तापवले, कधी निवले, कधी आत गेले, हे ज्याला सांगता येते त्यानेच म्हणावे, की दूध तर फ्रीजमध्येच होते.

वैशाख पौर्णिमेच्या सर्वांना मंगल कामना. जय भीम! जय बुद्ध!